बेलिफ नसलेलं न्यायालय

आमच्या तालुक्यात तिबेटी माणूस दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या सहसा चढत नाही. पोलिसांकडच्या नोंदणी प्रमाणपत्राची कामं घेऊन येतो, मोटार अपघाताच्या भरपाईसाठी येतो, पण आपापसातल्या पैशाच्या किंवा घराच्या भांडणासाठी येत नाही. वकिलीच्या सुरुवातीला मला वाटायचं, भिडस्त लोक आहेत, गप्प बसत असतील. तसं काही नव्हतं. त्यांची भांडणंही आमच्यासारखीच असतात, फक्त ती दुसऱ्या दारात जातात. ते दार मला एका बाईंमुळे पाहायला मिळालं. त्यांना सगळा कॅम्प, म्हणजे इथली तिबेटी वसाहत, 'आमाला' (आई) म्हणतो, मीही तेच म्हणतो.

गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या परिसरात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी शेतीवसाहत. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी हिमाचल प्रदेशातल्या धर्मशाळा गावी असलेल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांवर ती अजून 'भंडाऱ्याची' वसाहत आहे. पावसाळ्यात धान आणि दिवाळीच्या सुमारास स्वेटर, असं तिथलं वर्ष चालतं. लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून माल उचलायचा, नागपुरात किंवा आणखी कुठे हिवाळाभर दुकान लावायचं आणि लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी परतून हिशेब मिटवायचे.

आमालांनी एका हंगामासाठी भाच्याला भांडवल दिलं होतं, दोन लाख ऐंशी हजार. हंगाम बरा गेला नाही. भाच्याने थोडे पैसे दिले, काही माल परत केला आणि मग टाळाटाळ सुरू केली. आमाला माझ्याकडे आल्या त्या नोटीस लिहून घ्यायला. मी त्यांना नेहमीचा मार्ग सांगितला: नोटीस, मग वसुलीचा दावा. तिबेटी निर्वासित म्हणून अडचण येणार नव्हती. भारत सरकारच्या परवानगीने इथे राहणाऱ्या परकीय माणसाला आपल्या नागरिकासारखाच दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८३ मध्ये ते स्पष्ट आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, मले कोर्टात नाही जायचं. पोरगा आपलाच आहे. आमचं आमच्याकडं आहे ना. तुमी फक्त कागद बरोबर करून द्या."

'आमचं आमच्याकडं' म्हणजे जातपंचायतीसारखं काहीतरी असेल, असं मला वाटलं आणि मी जरा धास्तावलो. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या माणसांच्या केसेस मी पाहिल्या आहेत. म्हणून कागद करण्याआधी मी सगळं मागवून वाचलं. वाचत गेलो तशी धास्ती गेली.

दलाई लामा मार्च १९५९ मध्ये ल्हासाहून निघाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मसुरीला निर्वासित तिबेटींचं प्रशासन उभं राहिलं. पुढच्या वर्षी ते धर्मशाळेला हललं. मंत्रिमंडळ, ज्याला ते काशाग म्हणतात, आणि लोकप्रतिनिधींची सभा लवकर आली. स्वतंत्र न्यायसंस्था मात्र तीस वर्षं नव्हती. १४ जून १९९१ ला निर्वासित तिबेटींची सनद मंजूर झाली. हीच त्यांची राज्यघटना. तिच्या आधाराने ११ मार्च १९९२ ला तिबेटी सर्वोच्च न्याय आयोग स्थापन झाला. त्यात एक मुख्य आयुक्त आणि दोन आयुक्त असतात. वसाहतींमध्ये स्थानिक न्याय आयोग असतात आणि तिथलं काम बहुतेक ठिकाणी वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या सेटलमेंट ऑफिसरकडेच असतं.

हे भारताच्या जमिनीवर कायद्यात कसं बसतं, हा वकील म्हणून माझा पहिला प्रश्न होता. उत्तर लवादाच्या कायद्यात आहे. पूर्वी १९४० चा होता, आता लवाद आणि समेट अधिनियम, १९९६. दोन माणसांनी लेखी ठरवलं की आपला दिवाणी वाद अमक्यापुढे न्यायचा आणि त्याचा निवाडा मान्य करायचा, तर भारताचा कायदा त्या निवाड्याला मान देतो. कलम १९ प्रमाणे लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांचं बंधन नाही. कलम २२ प्रमाणे भाषा कोणती ठेवायची ते पक्षकारांनी ठरवायचं, मग तिबेटीत कामकाज चालायला हरकत कसली? कलम १० म्हणतं, लवादांची संख्या सम नको. स्थानिक पातळीवर एक आणि धर्मशाळेत तीन, दोन्ही चालतात. फौजदारी गुन्ह्यांना त्यांनी हातही लावायचा नाही. ते भारतीय पोलीस आणि भारतीय कोर्टाचं काम, आणि तसंच चालतं. वाळीत टाकणाऱ्या पंचायतीचा आणि या व्यवस्थेचा काही संबंध नाही, हे मला इथे पटलं.

मी एकच आग्रह धरला. कलम ७ प्रमाणे दोघांचा करार लेखी हवा. "आमच्यात सगळे मानतात" हे कायद्यापुढे पुरत नाही. भाचा सही करेल का, याची मला शंका होती. आमच्या कोर्टात प्रतिवादी समन्ससुद्धा सरळ घेत नाही. त्याने एका दुपारी येऊन कागद वाचून घेतला आणि सही केली. सही न करणारा माणूस कॅम्पात चोर ठरला असता, हे त्याला कळत होतं.

मग आला मुदतीचा प्रश्न, आणि तिथे माझी पुरती परीक्षा झाली. मूळ कागद तिबेटी हस्ताक्षरात, भराभर लिहिलेला, एकाच पानाचा. त्यावर इंग्रजी तारीख कुठेच नाही. लिहिलं होतं, तिबेटी कालगणनेचं राजवर्ष २१३९, दहावा महिना, आणि परतफेड 'पुढच्या लोसारपर्यंत'. उसन्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते आणि कलम ४३ प्रमाणे लवादालाही मुदतीचा कायदा लागतो. मुदत उलटली असेल तर आमालांचं सगळंच जाणार होतं. कॅम्पातले एक निवृत्त शिक्षक तिबेटी पंचांग घेऊन माझ्या टेबलाशी बसले. त्यांचं वर्ष चांद्र असतं, तिथी गळतात आणि जोडल्याही जातात, आपल्या पंचांगासारख्याच. लोसार कधी फेब्रुवारीत येतो, कधी मार्चमध्ये. २१३९ हे वर्ष २०१२ च्या लोसारपासून सुरू झालं होतं. त्यानंतरचा लोसार आला ११ फेब्रुवारी २०१३ ला. म्हणजे मुदत फेब्रुवारी २०१६ पर्यंत. आम्ही २०१५ च्या पावसाळ्यात हे करत होतो. शिक्षकांनी बोट ठेवून पंचांगातली ओळ दाखवली तेव्हा आमालांपेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं.

सुनावणी सेटलमेंट ऑफिसमध्येच झाली. भिंतीवर दलाई लामांचा फोटो, त्याला पांढरा खाता, म्हणजे मान म्हणून देतात तो कापडी पट्टा, घातलेला, लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बाकं. मी मागे बसलो. वकीलपत्र वगैरे काही नव्हतं. आमालांना स्वतः बोलायचं होतं आणि तेही त्यांच्या भाषेत. शिक्षक माझ्या कानाशी हळू आवाजात हिंदीतून सांगत होते.

स्थानिक आयोगाच्या आयुक्तांनी काय केलं ते मी बारकाईने पाहिलं. त्यांनी दोघांना आपापला हिशेब एक एक ओळ वाचायला लावला. आधी आमालांनी त्यांच्या वहीतली ओळ वाचायची, मग भाच्याने त्याच तारखेची त्याच्या वहीतली. आमालांची वही तिबेटीत, जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या. भाच्याचा हिशेब शाळेच्या वहीत, इंग्रजी आकड्यांत, मधे मधे लुधियानाच्या दुकानांच्या पावत्या टाचलेल्या. जुळलं की आयुक्त स्वतःच्या कागदावर लाल पेन्सिलने खूण करत. जुळलं नाही तर काही न बोलता तेवढी जागा रिकामी सोडत आणि पुढे जात. कुणी मधे बोललं तर हात वर करून थांबवत. दुपार कलली तेव्हा त्या कागदावर रिकाम्या जागा फक्त तीन उरल्या होत्या: परत केलेल्या मालाची किंमत, नागपूरच्या दुकानाचं भाडं आणि व्याज.

आमच्याकडे दाव्यात प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, यायला महिने जातात. मुद्दे काढायला आणखी एखादं वर्ष जातं, आणि तोवर निम्मा वाद वकिलांच्या भाषेने वाढवलेला असतो. इथे दोन माणसांनी एकमेकांसमोर आपल्याच वह्या वाचल्या आणि वादातलं जे खरंच वादाचं होतं तेवढंच उरलं. मी आजही माझ्या अशिलांना हे सांगतो. दावा लावण्याआधी दोन्ही वह्या एका टेबलावर आणून वाचा, म्हणतो. फार थोडे ऐकतात.

व्याजावर बराच वेळ गेला. कागदात दर लिहिलेला नव्हता. आमाला म्हणत होत्या, महिन्याला दोन टक्के, स्वेटरच्या धंद्यात सगळीकडे तसंच चालतं. भाचा म्हणत होता, घरच्या माणसाकडून व्याज कसलं. निवाडा काही दिवसांनी लेखी मिळाला. भाड्याचा भार दोघांत वाटला, परत केलेला माल लुधियानाच्या पावत्यांच्या भावाने धरला आणि व्याज दिलं ते बँकेच्या ठेवीच्या दराने. मी शिक्षकांकडून त्याचं भाषांतर करून घेतलं. प्रत्येक मुद्द्याला कारण दिलेलं होतं. लवादाच्या निवाड्याला कारणं लागतात, कलम ३१ तसं सांगतं, आणि आमच्याकडे मी पाहिलेल्या बऱ्याच लवादांना तेवढंही जमत नाही.

मालाच्या किमतीवर भाच्याचं समाधान झालं नाही. हंगामाच्या शेवटी परत केलेल्या मालाला सुरुवातीचाच विक्रीचा भाव धरायला हवा, असं त्याचं म्हणणं. त्याने धर्मशाळेला अपील केलं. आमालांना जावं लागणार होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच म्हटलं, येतो.

नागपूरहून दिल्ली रेल्वेने. पुढे मजनू का टिल्ला या तिबेटी वस्तीतून रात्रीची बस. बसमध्ये चढलो तर तिसऱ्या ओळीत भाचा बसलेला. दोघांनाही एकाच सकाळी पोचायचं होतं, त्यात नवल काही नव्हतं. मला मात्र अवघडल्यासारखं झालं. आमच्याकडे वादी-प्रतिवादी कोर्टाच्या आवारात एका टपरीवर चहा घेत नाहीत. मध्यरात्री बस ढाब्यावर थांबली तेव्हा भाचा काही न बोलता उठला, आमालांची पिशवी खाली उतरवली, परतताना पुन्हा वर ठेवली. त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण पिशवी त्याला दिली.

धर्मशाळेत कोतवाली बाजार आणि मॅक्लिओडगंज यांच्या मधे चढावर गंगचेन क्यिशोंग आहे. सगळे त्याला गंगकी म्हणतात. काशागची कार्यालयं, संसद, तिबेटी ग्रंथ आणि अभिलेखांचं ग्रंथालय, सगळं त्या एका आवारात, आणि न्याय आयोगही तिथेच. मी राजधान्या पाहिल्या आहेत. ही एका निर्वासित जमातीची राजधानी आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांइतक्या जागेत मावलेली. पण व्हरांड्यातून येणारे-जाणारे लोक अधिकाऱ्यांना अदबीने थांबून नमस्कार करत होते, फायली दोन्ही हातांनी देत होते. आपल्या राज्यघटनेवर लोकांचं असं प्रेम मी रोजच्या कामात क्वचित पाहतो. मला भरून आलं.

कामकाजाआधी आमालांनीच विचारलं, बोलायला थोडा वेळ मिळेल का. वेळ मिळाला. आवारातल्या एका बाकावर मावशी-भाचे बसले. मी लांब थांबलो. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. परत आले तेव्हा मालाच्या भावात आमालांनी थोडं सोडलं होतं, व्याज पूर्ण सोडलं होतं आणि भाच्याने दोन लोसारांत सगळी रक्कम फेडायचं कबूल केलं होतं. आमच्या कोर्टात अशा वेळी तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल होते. इथे तडजोड तिबेटीत लिहिली गेली आणि तिच्याप्रमाणे निवाडा झाला. कलम ३० प्रमाणे अशा निवाड्याची किंमत इतर कुठल्याही निवाड्याइतकीच.

रक्कम ठरल्या वेळी आली. दुसरा हप्ता त्याने लोसारच्या आधीच, सकाळी खाता घेऊन घरी जाऊन दिला. मी मात्र वकिलाच्या सवयीने तयारीत होतो. पैसे आले नसते तर कलम ३६ प्रमाणे गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागली असती, आणि समोरचा वकील म्हणाला असता, लवादाच्या निवाड्यावर कसलं अपील? तो प्रश्न डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा करून टाकला. सेंट्रोट्रेड विरुद्ध हिंदुस्थान कॉपर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की पक्षकारांनी करारातच दोन पायऱ्यांचा लवाद मान्य केला असेल तर तो भारतीय कायद्यात बसतो. तांब्याच्या व्यापारातला तो वाद. त्यातून नोर्ग्येलिंगच्या आमालांच्या कागदाला बळ मिळालं, हे त्या न्यायमूर्तींच्या ध्यानीमनीही नसेल.

माझ्या मनात या व्यवस्थेबद्दल आदर आहे, म्हणूनच तिची कमकुवत जागाही सांगतो. सेटलमेंट ऑफिसर हा धर्मशाळेच्या गृह विभागाचा माणूस. जमीन, घरं, मदत, शिफारसपत्रं, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. तोच न्यायही करतो. दोन माणसांच्या वहीच्या भांडणात ते चालून जातं. उद्या एखाद्याची तक्रार त्या टेबलाविरुद्धच असेल तर त्याने दाद कुठे मागायची? धर्मशाळा दूर आहे आणि रात्रीच्या बसचं भाडं सगळ्यांना परवडत नाही. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन कॅम्पातली एखादी बाई माझ्याकडे आली तर मी तिला सरळ पोलीस ठाण्यात नेतो. त्यात समेटाला जागा नाही, आणि त्यांच्या आयोगाला तो अधिकारही नाही.

या व्यवस्थेत कोर्टाचे हुकूम बजावणारा बेलिफ नाही, जप्ती नाही, तुरुंग नाही. निवाडा पाळला जातो तो माणसांनी आधीच 'पाळीन' म्हटलेलं असतं म्हणून. हे किती खोल जाऊ शकतं, ते २०१९ मध्ये दिसलं. पेन्पा त्सेरिंग यांना काशागने २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीपदावरून काढलं होतं. ते त्याविरुद्ध आयोगापुढे गेले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्या सरकारकडे पोलीस नाहीत त्याच्याविरुद्ध, जिच्याकडे बेलिफ नाही अशा न्यायसंस्थेने निकाल दिला, आणि सरकारने तो मानला. कॅम्पात तेव्हा चहाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता.

आणि हे किती नाजूक आहे, तेही पुढे दिसलं. २५ मार्च २०२१ ला निर्वासित संसदेने तिन्ही आयुक्तांना ठरावाने पदावरून दूर केलं. दोन महिने सर्वोच्च आयोगात न्याय द्यायला कुणीच नव्हतं. २४ मे ला तिघांनी तो ठराव सनदेला धरून नाही असं म्हणत पुन्हा कामकाज सुरू केलं. तीन दिवसांनी पेन्पा त्सेरिंग यांनी सिक्योंग, म्हणजे काशागचे प्रमुख, म्हणून मुख्य आयुक्तांपुढेच शपथ घेतली. संसदेतले निम्मे नवे सदस्य मात्र म्हणू लागले, यांच्याकडून आम्ही शपथ घेणार नाही. ४५ जणांची ती संसद ऑक्टोबरपर्यंत बसूच शकली नाही. बाहेरच्या देशात असा पेच पडला तर शेवटी कुणीतरी जोर लावून सोडवतं. यांच्याकडे जोर नव्हता, बोलत राहण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि ते महिनोन्महिने बोलत राहिले. कॅम्पातल्या म्हाताऱ्या माणसांना मी तेव्हा रडताना पाहिलं आहे. त्या दिवसांत आमालांनी मला फोन करून विचारलं होतं, "आपला कागद चालतो ना अजून?" मी म्हटलं, चालतो, निवाडा झाला तेव्हा आयोग होता, तो रद्द होत नाही. आणि पैसे तर कधीच मिळाले होते. तरी त्यांना ते विचारावंसं वाटलं.

आता कॅम्पातली तरुण मुलं परदेशी चालली आहेत. कॅनडा, अमेरिका, युरोप. भांडवल देणारी मावशी इथे आणि भाचा टोरांटोत, अशी प्रकरणं येऊ लागली आहेत. त्यामुळे हंगामाच्या आधी जे येतात त्यांच्या उसनवारीच्या कागदात मी काही गोष्टी लिहूनच घेतो. तारीख दोन्ही पंचांगांची हवी. व्याजाचा दर आकड्यात आणि अक्षरात. परत केलेल्या मालाला कुठला भाव लागेल, ते आधीच ठरलेलं. वाद झाला तर स्थानिक न्याय आयोगापुढे आणि त्यावर अपील सर्वोच्च न्याय आयोगापुढे, दोन्ही पायऱ्या एकाच वाक्यात, स्पष्ट. आणि परदेशी गेलेल्या माणसाने नोटीस घेण्यासाठी कॅम्पातल्या कुणाचं तरी नाव त्यातच लिहून द्यायचं. शिक्षक आता थकले आहेत, तरी तिबेटी मजकूर अजून तेच तपासून देतात.